‘पटाईत’ : एका शब्दाचा शस्त्राभ्यास

मराठीत ‘पटाईत’ हा शब्द आज कोणत्याही कामातील वाकबगार माणसाला लावला जातो. कोणी हिशेबात पटाईत असतो, कोणी नकला करण्यात, कोणी थापा मारण्यात. शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या मनात शस्त्र नसते, ऐकणाऱ्याच्या मनातही नसते. दैनंदिन व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. परंतु १७व्या शतकातील मराठी गद्य वाचू लागले, की आजच्या अर्थाची ही सवय वाचकाला नकळत फसविते. शस्त्रांच्या संदर्भात आलेले शब्द तो गुणवाचक समजून वाचतो, आणि ज्या ठिकाणी लेखकाने एखाद्या माणसाच्या दीर्घ शिक्षणाची नोंद एका शब्दात केलेली असते, त्या ठिकाणी त्याला केवळ स्तुती दिसते.

ह्याचे सर्वांत परिचित उदाहरण प्रतापगडच्या भेटीचे आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १७व्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजी येथे जी बखर लिहिली, तीत अफझलखानाच्या भेटीचा वृत्तान्त येतो. शिवाजी महाराज गडावरून उतरून शामियान्याजवळ आले, तेथे थांबले, आणि खानाच्या जवळ असलेल्या सय्यद बंडा ह्या शस्त्रवीरास दूर करावे असे त्यांनी कळविले. तो दूर झाल्यावर भेट झाली. खानाचा फौजफाटा मोठा होता, खान स्वतः धिप्पाड होता. तरीही अखेरच्या क्षणी अडविण्यात आले ते एका माणसाला. हा माणूस पट्ट्याचा खेळाडू होता. त्याला दूर ठेवण्याची अट का घालावी लागली, हे समजण्यासाठी पट्टा हे शस्त्र आणि ते हाती बसण्यास लागणारा अभ्यास ह्या दोहोंची ओळख असावी लागते. बखरकार ती ओळख करून देत नाही. त्याच्या वाचकांना ती होतीच. आजच्या वाचकाला ती मुख्यतः भाषेतूनच मिळवावी लागते. कारण बखरींनी गाळलेला शस्त्राभ्यास मराठीच्या शब्दसंग्रहाने पुष्कळसा सांभाळून ठेवला आहे.

प्रथम शस्त्राविषयी. पट्ट्याचे पाते सरळ, लांब, दुधारी आणि लवचीक असते. त्याची लांबी सामान्यतः ३ ते ४ फूट भरते. तलवारीहून त्याचे वेगळेपण पात्यात नाही, मुठीत आहे. पट्ट्याची मूठ पात्याला आडवी असते आणि तिच्यावर कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो. हात खोबळ्यात घातला, की मनगट बांधले जाते. तलवारबाज मनगटाच्या फिरतीने वार करतो. पट्टा चालविणाऱ्याला तसे करता येत नाही. त्याचा वार खांद्यातून आणि कंबरेतून निघतो, पात्याबरोबर सारे शरीर फिरते, आणि पाऊल चुकले तर पाते स्वतःच्याच पायावर येते. उलटपक्षी हे साधले, तर एक माणूस स्वतःभोवती अशी मंडले काढू शकतो, की चार-पाच जणांनी एकदम चालून जाण्याचे धाडस करू नये. अशा शस्त्राला हौशी खेळाडू नसतो. ज्याचा अभ्यास पुरा झाला तोच ते हाती धरतो. अर्धवट शिकलेल्याला ते शत्रूपेक्षा अधिक धोक्याचे असते.

‘पट्टा’ हा शब्द संस्कृत ‘पट्ट’ म्हणजे लांबट फीत, पट्टी, ह्याच्याशी निगडित आहे. महाकाव्यांत ‘पट्टिश’ नावाचे एक शस्त्र येते खरे. पण नावातील साम्यावरून दोन्ही शस्त्रे एकच मानणे धाडसाचे होईल. पात्याचा आकारच नावाला पुरेसा आधार देतो. ह्या ‘पट्टा’ला ‘-आईत’ हा प्रत्यय लागून ‘पटाईत’ सिद्ध झाला. त्याच घडणीचे ‘भालाईत’ आणि ‘ढालाईत’ हे शब्द जुन्या मराठीत आहेत, आणि हिंदीत ‘लठैत’, ‘भालैत’, ‘पटैत’ ही त्यांची भावंडे आहेत. ह्या गटातील शब्दांचे काम एकच : विशिष्ट शस्त्र धारण करणारा, त्या शस्त्राने ओळखला जाणारा मनुष्य. ‘पटाईत वाघ’ ह्या प्रयोगाने येथे गोंधळू नये. तेथे ‘पट्टा’ म्हणजे अंगावरचा पट्टा; वाघाच्या शौर्याशी त्याचा मूळचा संबंध नाही, जरी बोलणाऱ्यांनी पुढे तो मनोमन जोडलेला असला तरी.

लक्षणीय गोष्ट ही, की भालाईत व ढालाईत हे शब्द त्या त्या शस्त्रांबरोबर मागे पडले. पटाईत तेवढा नवा अर्थ घेऊन टिकला. असे का व्हावे? भाला अनेकांच्या हाती असे, ढाल तर प्रत्येकाच्या. पट्टा थोड्यांच्या हाती असे, आणि त्या थोड्यांच्या मागे वर्षांचा अभ्यास उभा असे. शब्दाच्या अर्थातील शस्त्र गळून पडले तेव्हा मागे उरण्याजोगे काही होते, ते हा अभ्यास.

ह्या अभ्यासाचा क्रम काय होता हे शब्दांच्या मदतीने बरेचसे मांडता येते. शिक्षणाची जागा म्हणजे तालीम. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ ‘शिकवणे’ असा आहे. मराठीने त्याला आधी अंगमेहनतीचे शिक्षण, मग ते जेथे चाले ती इमारत, आणि नंतर नाटकाची पूर्वतयारी असे अर्थ दिले. शिकविणारा तो वस्ताद, फारसी ‘उस्ताद’. नवशिक्याच्या हाती प्रथम पाते दिले जात नसे. त्याला फरी आणि गदगा मिळे. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल, गदगा म्हणजे कातड्याने मढविलेली काठी; पंजाबातील ‘गतका’ आणि मराठीतील ‘गदका’, ‘गदगा’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत. घोड्यावरील भालाफेकीचा सराव ज्या बोथट भाल्याने होई, त्या खेळाचे नाव बोथाटी. म्हणजे प्रत्येक मारक शस्त्राला एक न मारणारा जोडीदार होता आणि शिकणाऱ्याची पहिली वर्षे त्या जोडीदाराबरोबर जात. ‘दांडपट्टा’ हा समासही ह्याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे; दांड आणि पट्टा ही नावे एकत्र नांदतात ती काठीच्या आणि पात्याच्या शिक्षणाची सांगड असल्यामुळे, असे म्हणण्यास ह्या क्रमाचा चांगला आधार मिळतो. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशात अशा अनेक खेळांची वर्णने संगृहीत आहेत, आणि शब्दार्थाच्या अभ्यासकाने तो ग्रंथ केवळ व्यायामाचा म्हणून बाजूला ठेवणे बरे नव्हे.

गदग्याबरोबर दोन गोष्टी शिकाव्या लागत : पवित्रा आणि हात. पवित्रा म्हणजे पावलांची मांडणी, वाराच्या किंवा बचावाच्या आधी घेतलेली उभे राहण्याची ढब. हिंदीत ह्याच अर्थी ‘पैंतरा’ आहे, आणि त्याचे मूळ ‘पदान्तर’, म्हणजे पाऊल बदलणे, असे सांगतात. मराठी ‘पवित्रा’ला ‘पवित्र’ ह्या विशेषणाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु आखाड्यातल्या पावलाला पावित्र्य चिकटण्याचे काही कारण दिसत नाही. ‘पैंतरा’सारखे एखादे रूप मराठीत आल्यावर परिचित संस्कृत शब्दाच्या ओढीने त्याचा ‘पवित्रा’ झाला असावा, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे. आज वर्तमानपत्रांत पवित्रा घेतात ते पुढारी आणि संघटना. तेथे पाऊल बदलण्याचा मूळ अर्थ विनोदाने का होईना, चांगला शोभतो.

‘हात’ हा शब्द ह्याहून महत्त्वाचा. शस्त्रविद्येत ‘हात’ म्हणजे अवयव नव्हे, तर ठरीव मार्गाने जाणारा वार. वस्ताद ‘पट्ट्याचे हात’ शिकवी; कोणता हात डोक्यावर, कोणता मानेवर, कोणता पायावर, आणि कोणत्या हाताला कोणत्या हाताने उत्तर द्यावयाचे, हे एकेक करून अंगात मुरवी. ‘दोन हात करणे’ ही क्रियापदरचना येथून आली. दोन हात सर्वांनाच असतात. ते ‘करावे’ लागतात, ह्यातच त्यांचा पारिभाषिक अर्थ दडला आहे. ‘हात बसणे’ म्हणजे एखादा हात विचाराशिवाय निघू लागणे. आज टंकलेखनातही हात बसतो आणि पेटीवादनातही. मात्र ह्या वाटेने जाताना थोडे सावध राहावे. ‘हातखंडा’ ह्या शब्दात ‘खांडा’ म्हणजे रुंद पात्याची तलवार दिसते, आणि तोही शस्त्राभ्यासातून आला असे म्हणण्याचा मोह अनावर होतो. पण हिंदी ‘हथकंडा’ शेजारी ठेवला, की खांडा तेथे नव्हताच अशी शंका येते. कानाला पटलेली व्युत्पत्ती आणि पुराव्याने पटलेली व्युत्पत्ती ह्यांतील अंतर विद्यार्थ्याने अशा ठिकाणीच शिकावयाचे असते.

शेवटची पायरी नेमकेपणाची. जमिनीवर, तळहातावर किंवा माणसाच्या अंगावर ठेवलेले लिंबू फिरत्या पट्ट्याने कापणे, आणि खालच्या त्वचेला ओरखडाही न येऊ देणे, हे पूर्ण झालेल्या शिक्षणाचे दर्शन मानले जाई; कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत हा प्रकार आजही दाखविला जातो. ह्यात बळाची परीक्षा नाही. वेगात असलेले पाते नेमके कोठे थांबवावयाचे, ही परीक्षा आहे.

आता प्रतापगडाकडे वळता येईल. १६५९ मधील ह्या भेटीमागे साचलेले वैर होते आणि ते एकेरी नव्हते. जावळी १६५६ मध्ये महाराजांनी घेतली. मोऱ्यांच्या घराण्यातील प्रतापराव मोरे विजापूरला जाऊन खानाच्या मोहिमेबरोबर परतला होता. वाईचा सुभा खानाकडे राहिलेला होता आणि जावळीचा मुलूख आपल्या अमलाखालचा असे तो समजे. दुसऱ्या बाजूस महाराजांचे वडील बंधू संभाजीराजे १६५४ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले, आणि त्याचा दोष खानावर ठेवला जात होता. अशा दोघांची भेट १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी ठरली. खान वाईस असतानाच्या काळात वकिलांची ये-जा चालू राहिली आणि तो अखेर जावळीच्या अरण्यात उतरला. ह्या तयारीचे राजकीय व लष्करी अंग इतिहासकारांनी पुष्कळ उलगडले आहे. शस्त्रांच्या निवडीचे अंग त्यामानाने उपेक्षित आहे.

भेट आलिंगनाची होती. त्या अंतरावर तलवार निरुपयोगी, पट्टा तर त्याहून. म्हणून अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली लोखंडी टोप, आणि हाती बिचवा व वाघनखे, अशी योजना बखरीत येते. ह्या दोन शस्त्रांची नावेही बोलकी आहेत. ‘वाघनख’ हा शब्द मराठीच्या घरचा. ‘बिचवा’ मात्र नाही. वृश्चिकाचा मराठीत ‘विंचू’ होतो. आरंभीचा ‘व’ टिकतो आणि अनुनासिक येते. ‘ब’ने सुरू होणारा ‘बिचवा’ हिंदुस्तानी ‘बिच्छू’च्या घरातला आहे. नांगीसारख्या वाकड्या पात्याची ही कट्यार दख्खनच्या लष्करी व्यवहारात जे नाव घेऊन वावरत होती, तेच नाव मराठीने घेतले. स्वतःच्या विंचवावरून नवे बनविले नाही. विजापूरचे आणि मराठ्यांचे शिपाई एकाच शस्त्रभाषेत शिकलेले होते, ह्याचा हा लहानसा पण चोख पुरावा होय. त्या दिवशी समोरासमोर आलेली माणसे परस्परांचे हात ओळखत होती.

सय्यद बंडा दूर का हवा होता, ते आता उघड होते. आलिंगनाच्या अंतरासाठी निवडलेली शस्त्रे पट्ट्याच्या अंतरावर टिकत नाहीत. खानाशी झटापट झाल्यावर जर पाच-सहा फुटांवरून पट्टा फिरू लागला, तर बिचवा आणि वाघनखे त्याच्यापर्यंत पोचणार नव्हती. तसेच घडले. खान जखमी होताच बंडा धावून आला, पट्टा चालू झाला, आणि पट्ट्याचा उठलेला हात जिवा महाला याने तोडला. बखरींचे तपशील येथे एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. शिवभारतात तर खानाच्या दहा अंगरक्षकांत ‘बडा सय्यद’ असे नाव येते. पण वार कोठे बसला हे सभासदी परंपरेत ठाम आहे : हातावर, खांद्याच्या बाजूने. पट्ट्याची रचना ध्यानी घेतली, तर दुसरीकडे तो बसणे कठीणच होते. खोबळ्याने कोपरापर्यंत हात झाकलेला, मनगट बांधलेले, पाते मोठ्या घेरात फिरणारे. उघडा राहतो तो कोपरावरचा भाग, आणि तोही हात वर उचलला जातो त्या एका क्षणी. तो क्षण ओळखण्यास स्वतः पट्ट्याचे हात शिकलेला मनुष्य लागतो. जिवा महाल्याचा शस्त्राभ्यास कोठे झाला, कोणी केला, ह्याविषयी बखर मूक आहे. त्या एका वाराचे वर्णन हेच त्याचे प्रमाणपत्र आहे.

‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण ह्या प्रसंगावरूनच रूढ झाली. तिची घडण केवळ यमकावर उभी नाही. जीव आणि शिव ही जोडी संतवाङ्मयाने मराठी कानाला शतकानुशतके ऐकविलेली होती. त्या जुन्या साच्यात एक ऐतिहासिक प्रसंग अलगद बसला. ‘जिऊ’ ह्या लेखी रूपापेक्षा ‘जिवा’ हे रूप प्रचारात अधिक राहिले, ह्यास हा साचाही कारण असावा. ‘महाला’ हे उपपद नाभिक व्यवसायाचे द्योतक. गोव्याकडे न्हाव्याला ‘म्हालो’ म्हणतात. शस्त्राभ्यास हा कोणा एका ज्ञातीचा ठेवा नव्हता, हे ह्या एका नावावरूनही कळून येते.

प्रतापगडाच्या पश्चिमेस घाट उतरला, की पोलादपूर आणि महाड लागते; सावित्री नदी तेथून बाणकोटच्या खाडीला जाऊन मिळते. ह्याच पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्यावरील युद्धात उदयभानाशी लढताना तानाजींची ढाल तुटली, दुसरी मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताची ढाल करून ते लढले आणि दोघेही पडले, असे सभासद सांगतो. हे वर्णन शौर्याचे म्हणून वाचले जाते, आणि ते तसे आहेच. परंतु फरी-गदग्याचा क्रम माहीत असणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. फरी ही डाव्या हाताची शाळा होती. वर्षानुवर्षे वाराच्या दिशेने आपोआप वर जाणारा डावा हात, त्यात ढाल उरली नाही म्हणून, थांबत नाही.

सावित्रीच्या उत्तरेस चौल आणि रेवदंड्याचा किनारा आहे, आणि ह्या शब्दसंग्रहाचा एक महत्त्वाचा धागा तेथे पोचतो. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौल येथे पाय रोवले. रेवदंड्याचा कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. ह्या दोन शतकांत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपीय पाती येत राहिली, त्यांना येथील कारागीर येथील पद्धतीच्या मुठी बसवीत, आणि अशा तलवारीला मराठीत ‘फिरंग’ म्हणत. शब्द पाहावा : माल पोर्तुगीज, मूठ देशी, आणि नाव ‘फ्रँक’ ह्या लोकनामापासून अरबी-फारसीतून आलेले. रेवदंड्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लई येथे पोर्तुगीजपासून घडलेली मिश्रभाषा अजून बोलली जाते. असे असूनही तलवारीसाठी किनाऱ्याने पोर्तुगीज शब्द स्वीकारला नाही. वस्तू समुद्रावरून आली तरी तिचे नाव लष्करातून, म्हणजे घाटावरून, आले. वस्तू आणि शब्द एकाच वाटेने प्रवास करतात असे गृहीत धरणाऱ्यांनी फिरंगेचे उदाहरण विसरू नये.

१८१८ नंतर फौजा मोडल्या आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलीसुरली शस्त्रेही परवान्याखाली आली. तालमी चालू राहिल्या, परंतु तेथे शिकलेले हात जावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. पुण्यातील लहुजी साळवे (१७९४-१८८१) यांच्या तालमीत दांडपट्टा शिकणाऱ्यांत जोतीराव फुले होते आणि वासुदेव बळवंत फडके होते. फडक्यांचा जन्म १८४५ मध्ये पनवेलजवळच्या शिरढोणचा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलाच. लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करीत असता त्यांनी हा अभ्यास पुरा केला आणि १८७९ मध्ये बंड पुकारले. प्रतिपक्षाजवळ मागून भरावयाच्या बंदुका आणि तारायंत्र होते. त्याच वर्षी ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. पट्ट्याचा अभ्यास पूर्ण करून खऱ्याखुऱ्या शत्रूसमोर गेलेल्या माणसांच्या परंपरेतील ही शेवटची ठळक नावे होत. लहुजींच्या नावामागे ‘वस्ताद’ ही पदवी कायमची जडली. पण त्याच शतकात ‘मोठा वस्ताद आहे’ ह्या वाक्याला धूर्तपणाची छटाही आलेली होती.

पटाईताचे हेच झाले. शस्त्र गेले, निष्णातपणा राहिला, आणि निष्णातपणा कशात, हे सांगण्याची सोय नव्याने करावी लागली. संस्कृतात हा मार्ग जुना आहे. दर्भ नेमके खुडणारा तो ‘कुशल’, वीणेत वरचढ तो ‘प्रवीण’. पुढे कोणत्याही कामात कुशल आणि प्रवीण. मम्मटाने ‘कर्मणि कुशलः’ हे रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून दिले, आणि साहित्यदर्पणकार विश्वनाथाने ते नाकारले; त्याच्या मते व्युत्पत्ती एक आणि प्रवृत्तिनिमित्त दुसरे, व दक्षता हाच कुशलचा मुख्यार्थ. ‘पटाईत’ ह्या शब्दापुरता हा वाद काळाच्या अंगाने सोडविता येतो. जोवर पट्टा डोळ्यांसमोर होता तोवर ‘हिशेबात पटाईत’ हे रूपक होते. पट्टा संग्रहालयात गेल्यावर ते राहिले नाही. ‘तोंडाचा पट्टा’ मात्र अजून रूपकच आहे, कारण त्यात शस्त्राचे नाव उघडे आहे आणि फिरत्या पात्याची गतीही.

बदलाची खूण वाक्यरचनेतही उमटली आहे. आजचा ‘पटाईत’ सप्तम्यन्त पदावाचून लंगडा पडतो. ‘तो पटाईत आहे’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा विचारतो, ‘कशात?’ सभासदाच्या श्रोत्याने हा प्रश्न विचारला नसता.